मक्याची भाकर आणि चर्चगेटचे मेक्सिकन हॉटेल

आमच्या शहाद्यात बाहेर जेवायला जाणे ही काही मोठी गोष्ट नाही. एस. टी. स्टँडाच्या बाजूला झणझणीत शेवभाजी मिळते, दोंडाईचा रस्त्याला ढाबे आहेत, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहायला गेलो तर गरम भजी आणि जिलबी. पाच माणसांचे कुटुंब पाचशेच्या दोन नोटांत पोटभर जेवून घरी येते. आम्ही एका पतसंस्थेत कारकून. संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम पाहतो. आमच्या खिशाची धाव तेवढीच. त्यामुळे यंदा जानेवारीत मुंबईहून थोरल्या लेकीचा फोन आला, तेव्हा आम्ही प्रथम 'नाही'च म्हटले.

लेक मुंबईला नोकरीला लागली, पहिला पगार झाला. म्हणाली, "पप्पा, आजी-आजोबांना आणि मम्मीला घेऊन या. सव्वीस जानेवारीला सुट्टी आहे. चर्चगेटला एक मेक्सिकन हॉटेल आहे, तिथे सगळे जेवायला जाऊ."

आम्ही म्हटले, "बाई, एवढ्या पैशात अभ्यासिकेची दोन कपाटे येतील. जेवायचेच तर दादरला थाळी खाऊ."

फोनवर ती जरा थांबली. मग म्हणाली, "कपाटाचे पैसे मी पुढच्या पगारात देईन. पण आजोबांना मला एकदा चांगल्या हॉटेलात आत बसवायचं आहे."

त्या 'आत' शब्दापुढे आमचे काही चालले नाही. का चालले नाही, ते वाचकांना सांगायला हवे. आमचे वडील पंधरा-सोळा वर्षांचे असताना, म्हणजे १९६५ च्या सुमारास, तालुक्यातल्या एका खेड्यात सालदार होते. गावात चहाचे एक हॉटेल होते. त्याच्या बाहेर कुडाच्या भिंतीला खुंटीवर दोन कप टांगलेले असत; एकाचा कान तुटलेला. आपल्या माणसाने कप काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, उकिडवे बसून प्यायचा, स्वतः विसळायचा आणि परत खुंटीला लावायचा. पैसे मात्र आत बसणाऱ्याइतकेच! हॉटेलात, उपाहारगृहात कोणाही नागरिकाला जातीच्या कारणाने अडवता येणार नाही, हे संविधानाच्या १५ व्या कलमात लिहिलेले आहे आणि ते २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. म्हणजे कायदा येऊन दहा वर्षे झाली होती आणि कप अजून बाहेरच होता. ही हकिकत वडिलांनी आम्हांला कधी सांगितली नाही. नातीला मात्र सांगितली होती.

पंचवीस तारखेला दुपारी आम्ही शहाद्याहून निघालो. प्रकाशाजवळ तापीचा पूल ओलांडला की नंदुरबारचा रस्ता. दोन्ही बाजूंना आमच्या भागाचे वैभव: केळी, ऊस, कापूस आणि पपई. शहाद्याची पपई ट्रक भरभरून उत्तरेकडे जाते. मध्येच मक्याचे हिरवे पट्टे. नंदुरबार जवळ आले की हवेतच मिरचीचा ठसका लागतो. हिवाळ्यात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. ओली लाल मिरची जमिनीवर पसरून वाळवतात. नजर जाईल तिथवर रान लाल दिसते. फोटो काढणाऱ्यांना ते फार आवडते.

आमच्या आईने गाडीतच पदर नाकाला लावला. ह्याच पथाऱ्यांवर तिने आठ-दहा हंगाम मिरचीची देठे खुडली आहेत. रात्री हातांची आग आग व्हायची. धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पीत होता. त्याला उचलून घ्यायलाही ती धजत नसे, मावशी उचलून तिच्या मांडीवर ठेवायची. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्याने हात धुऊन उपयोग नसतो. आधी गोडे तेल चोळावे, मग साबण लावावा. हे आईला कुणी सांगितले नव्हते. आज पथारीवर बसणाऱ्या भगिनींसाठी मुद्दाम लिहून ठेवतो.

रात्रीच्या गाडीने सुरतमार्गे सकाळी मुंबई गाठली. चेंबूरला चुलतभावाकडे उतरलो. नोकरीत प्रथमच पतसंस्थेतले झेंडावंदन चुकले, ते भावाच्या सोसायटीत केले. संध्याकाळी हार्बर लाइनने सी. एस. एम. टी. आणि तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने रमतगमत फाउंटनकडे. वाटेत सिद्धार्थ महाविद्यालयाची इमारत दाखवली. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ साली हे महाविद्यालय काढले. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. वडिलांनी टोपी काढून मिनिटभर इमारतीकडे पाहिले आणि नातीला म्हणाले, "चल आता, भूक लागली."

हॉटेलच्या दाराशी काळ्या पोशाखातली एक मुलगी उभी होती. हसून म्हणाली, "सर, रिझर्वेशन आहे का?"

काय सांगावे वाचकहो, आमच्या पोटात एकदम गोळा आला! हा प्रश्न आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. कॉलेजात ऐकला, नोकरी लागली त्या दिवशी ऐकला, बढतीच्या वेळी ऐकला. कधी तोंडावर, कधी पाठीमागे, आणि तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू कसे असते तेही ठाऊक आहे. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो तोच लेक पुढे झाली आणि ठणकावून म्हणाली, "हो, आहे. पाच जणांचं." त्या मुलीने वहीत नाव पाहिले आणि अदबीने आम्हांला आत नेले. खिडकीजवळचे टेबल! सौभाग्यवती आमच्या कानाशी पुटपुटल्या, "पहिल्यांदाच रिझर्वेशन सांगितल्यावर कुणी खुर्ची ओढून दिली."

आत मंद दिवे, भिंतीवर रंगीत मुखवटे, कुंड्यांत निवडुंग. निवडुंग तर आमच्याकडे शेताच्या बांधाला असतो. दारूच्या बाटल्यांचे कपाट होते, पण सव्वीस जानेवारीचा ड्राय डे असल्याने ते बंद. आमच्या जिवाला तेवढेच बरे वाटले. "बाटलीचे पाणी की साधे?" असे विचारले तेव्हा "साधे" म्हणालो. साधे पाणी मागायला लाजू नये. ते फुकट असते.

मेनूकार्डावरची नावे वाचता येईनात. लेकीने शिकवले: दोन 'एल' आले की 'य' म्हणायचे, म्हणून 'तॉर्तिया', 'जे'चा 'ह' करायचा, म्हणून 'हालापेन्यो'. हालापेन्यो ही हिरवी मिरची, आणि तिचे नाव मेक्सिकोतल्या हालापा शहरावरून पडले आहे. जशी आपली मिरची नंदुरबारची! नावापुढचे आकडे मात्र लगेच वाचता आले. एकेक पदार्थ सहाशे-सातशे रुपये. वडिलांनी कार्ड मिटून ठेवले आणि म्हणाले, "मला काही भूक नाही." लेक म्हणाली, "आजोबा, मघाशी भूक लागली होती ना?" आणि तिनेच सगळे मागवले.

पहिल्यांदा मक्याच्या तळलेल्या चकत्या आणि लाल चटणी आली. आईने बोट लावून चाखली. "टमाटा भाजेल शे, मिरची, लसूण, कांदा," तिने एका दमात सांगितले. मग टाको आले: तळहाताएवढ्या मक्याच्या भाकरी, त्यांत शिजवलेला राजमा, भाजी आणि हिरवी चटणी. आईने घडी उलगडली, भाकर उलटसुलट पाहिली, एक तुकडा तोंडात टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "हाई ते आपली मकानी भाकर शे ना, भाऊ!"

शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी मान वळवली. क्षणभर आम्हांला संकोच वाटला. पण आईचे काय चुकले होते? ती खरेच बोलत होती. फक्त ती भाकर मूळची कोणाची, एवढाच प्रश्न होता. परत आल्यावर आम्ही अभ्यासिकेतली पुस्तके चाळली, मुलांकडून माहिती काढून घेतली, ती अशी.

मका माणसाने प्रथम पिकवला तो दक्षिण मेक्सिकोत, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, तिथल्या एका रानगवतापासून. मिरचीही तिथलीच. टोमॅटोची लागवडही तिथलीच, आणि 'टोमॅटो' हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला. पपईसुद्धा मेक्सिको आणि त्याच्या शेजारच्या मुलखातली. पोर्तुगीज इकडे आले आणि सोळाव्या शतकात मिरची गोव्याच्या बाजूने आपल्या देशात पसरली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि सुंठ. म्हणजे प्रकाशाच्या पुलापासून नंदुरबारपर्यंत आम्ही जी शेते पाहत गेलो, त्यांतले अर्धे पीक मेक्सिकोच्या शेतकऱ्याचे देणे आहे. आणि आम्ही पाच हजार रुपये खर्चून तेच खायला मुंबईला गेलो होतो!

तिथल्या बायकांची एक युक्ती आपल्या बायकांनी ऐकण्यासारखी आहे. मक्याची भाकर थापताना तुटते, हे आपल्याला ठाऊक आहे. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. साल सुटते, मग दाणे धुऊन पाट्यावर वाटतात. त्या पिठाची भाकर तुटत नाही. शिवाय मक्यातले एक जीवनसत्त्व असे अडकून पडलेले असते की नुसता मका खाल्ला तर ते अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळे होते. युरोपियनांनी मका नेला, ही युक्ती नेली नाही. पुढे जिथे गरीब माणसे केवळ मक्यावर जगली, तिथे त्यांना पेलाग्रा नावाचा कातडीचा आणि बुद्धीचा रोग झाला. अडाणी ठरवलेल्या बाईचे ज्ञान टाकून दिले, त्याची किंमत अशी मोजावी लागली.

आणि अडाणी ठरवले होतेच. १५१९ साली स्पॅनिश सैन्य मेक्सिकोत उतरले, १५२१ साली राजधानी पडली. त्यानंतर गव्हाचा पाव हे साहेबाचे अन्न आणि मक्याची भाकर हे हलक्या लोकांचे अन्न, अशी उतरंड लागली. आम्हांला ही गोष्ट फार ओळखीची वाटली. आमच्या लहानपणी वर्गातली काही मुले पोळीचा डबा उघडून बसत आणि आम्ही भाकर-ठेचा पाठ करून खात असू. मेक्सिकोच्या लोकांनी मात्र आपल्या भाकरीची लाज टाकली. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडेही २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले आणि ज्वारी-बाजरीची भाकर मोठमोठ्या हॉटेलांत मानाने वाढली गेली. मुळात अन्न हलके नसतेच. माणसाला हलके ठरवले की त्याच्या ताटातलेही हलके ठरते.

ह्या मक्याच्या गोष्टीत एक मराठी माणूसही आहे. डॉ. पांडुरंग खानखोजे, जन्म वर्ध्याचा, १८८४ सालचा. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज सरकारमुळे त्यांना मायदेशी परतता येईना, तेव्हा १९२४ साली ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या नव्या जाती तयार केल्या, गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा थोर चित्रकार. त्याने तिथल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर एक चित्र काढले आहे, 'आमची रोजची भाकर' ह्या अर्थाच्या नावाचे. त्यात एका टेबलाभोवती सारे जण बसले आहेत आणि मधोमध भाकर मोडून देणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे! १९६७ साली नागपूरला त्यांचे निधन झाले. एक टेबल, एक भाकर आणि भोवती सगळे. ते चित्र आम्ही छापलेले पाहिले आणि आम्हांला त्या संध्याकाळचे आमचे टेबल आठवले.

कारण त्या टेबलावर पुढे जे घडले, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. जेवण झाले. वडिलांनी शांतपणे आपली बशी उचलली, तिच्यावर पेला ठेवला, उठले आणि इकडेतिकडे पाहू लागले. आम्हांला कळेना. सौभाग्यवतींनी विचारले, "बाबा, काय पाहिजे?"

"मोरी कुठे आहे?" ते म्हणाले. "विसळून ठेवतो."

आम्ही कुणीच काही बोललो नाही. साठ वर्षांपूर्वीचा तो कप अजून त्यांच्या हातातच होता. वाढणारा मुलगा, मराठीच होता, पंचविशीचा असेल, धावत आला. त्याने दोन्ही हातांनी बशी घेतली आणि म्हणाला, "राहू द्या बाबा, हे आमचं काम आहे. तुम्ही बसा." वडील बसले. लेकीने त्यांचा हात धरून ठेवला होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पोरगं चांगलं आहे."

मग बिल आले. आम्ही बी. कॉम. झालेले, बिल न वाचता पैसे देणे आम्हांला जमत नाही. जेवणाचे ४,८०० रुपये. त्याखाली दहा टक्के सेवा शुल्क ४८०, आणि दोन्हींवर पाच टक्के जी. एस. टी. २६४. एकूण ५,५४४. आम्ही म्हटले, "हे सेवा शुल्क काढायला सांगतो." लेक ओशाळली. "पप्पा, राहू द्या ना. लोक काय म्हणतील?" आम्ही म्हटले, "बेटा, हक्काचे बोलताना लोक काय म्हणतील असा विचार आपल्या माणसांनी केला असता, तर आजोबा आज आत बसले नसते."

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले आहे की हॉटेलने सेवा शुल्क आपोआप बिलात लावू नये आणि ग्राहकावर त्याची सक्ती करू नये. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ही तत्त्वे उचलून धरली. कुणी ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आम्ही व्यवस्थापकाला शांतपणे एवढेच सांगितले. त्याने वाद घातला नाही, नवे बिल आणले: ४,८०० आणि जी. एस. टी. २४०, एकूण ५,०४०. वाचलेल्या पैशातले तीनशे रुपये आम्ही त्या वाढणाऱ्या मुलाच्या हातात दिले. आठवड्याची सुट्टी मिळते का, हेही विचारून घेतले. मिळते म्हणाला.

पाच हजार चाळीस रुपये! नंदुरबारच्या पथारीवर बसणाऱ्या बाईला एवढे मिळवायला पंधरवडा तरी मिरची खुडावी लागेल. ते टेबल आमचे झाले, तिचे अजून झालेले नाही. जातीची कडी संविधानाने काढली; पैशाची कडी अजून दाराला आहे. ती काढायची तर मजुरी वाढली पाहिजे आणि मुली शिकल्या पाहिजेत. आमच्या घरची कडी एका मुलीच्या पगाराने निघाली, तीही एका संध्याकाळपुरती.

म्हणून दर महिन्याला असल्या हॉटेलात जावे, असे आम्ही म्हणत नाही. तोच बेत घरी होतो. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये गाळ होईपर्यंत शिजवावा आणि कांदा-लसणाच्या फोडणीत घोटावा. टोमॅटो, मिरची, लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून कोथिंबीर-मीठ घालून ठेचावे, वर लिंबू पिळावे. मक्याचे पीठ कढत पाण्यात उकड काढून मळावे, म्हणजे भाकर तुटत नाही. चुन्याची युक्ती घरी करू नये. प्रमाण चुकले तर अपाय होतो. पाच जणांचा हा बेत अडीचशे रुपयांत होतो. शहाद्याला परतल्यावर पुढच्या रविवारी आम्ही केला.

त्या दिवशी जेवण झाल्यावर वडिलांनी आपले ताट उचलले नाही. तसेच बसून राहिले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, उचल." आम्ही त्यांचे ताट उचलले आणि मोरीवर नेऊन घासले.